ही फ्लॉपी २०७८ पर्यंत टिकणार नाही : अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयास खुले पत्र

प्रति,
रजिस्ट्रार ऑफ कॉपीराइट्स,
कॉपीराइट कार्यालय, लायब्ररी ऑफ काँग्रेस,
वॉशिंग्टन डी.सी.

विषय : कॉपी प्रोटेक्शन असलेल्या जुन्या शैक्षणिक फ्लॉपींचे जतन आणि २०२७ चे नियम

स. न. वि. वि.

कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे प्रत काढता येऊ नये म्हणून घातलेले कुलूप, ओलांडायला तुमचा कायदा मनाई करतो, आणि कुणाला सवलत द्यायची ते दर तीन वर्षांनी ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण या त्रैवार्षिक नियमांची नववी फेरी पूर्ण केली. ग्रंथालयांनी जतन केलेले आणि आता बाजारात न मिळणारे व्हिडिओ गेम अभ्यासकांना ग्रंथालयात न येता पाहता यावेत, ही विनंती तुम्ही त्या फेरीत फेटाळली. अशा प्रती करमणुकीसाठी वापरल्या जातील, ही तुमची भीती होती. गेम नसलेल्या सॉफ्टवेअरला मात्र हीच सवलत तुम्ही २०२१ मध्येच दिलेली आहे. गेम आणि प्रोग्राम यांच्यामध्ये तुम्ही भिंत घातलीत, आणि शाळांसाठी केलेले सगळे जुने सॉफ्टवेअर नेमके त्या भिंतीखाली सापडले आहे. म्हणून हे पत्र.

आम्ही ॲपल टू संगणकाच्या सव्वापाच इंची फ्लॉपी वाचून त्यांची जशीच्या तशी नोंद करून ठेवतो. आमच्यातले काही भारतात राहतात, काही अमेरिकेत, आणि बोलतो सगळे मराठीत. हे पत्रही मराठीत लिहिले, कारण भारतातली ग्रंथालये उद्या याच प्रश्नापाशी येणार आहेत आणि तेव्हा तुमच्या नियमांचा दाखला दिला जाणार आहे. आमचे हितसंबंध एवढेच, की ज्या फ्लॉपी आमच्या हातून जातात त्यांतल्या काहींची दुसरी प्रत जगात कुठे आहे की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. १९८० च्या दशकात गोळ्या झाडण्याचे, अंतराळयुद्धाचे गेम बाजारात आले की आठवड्याभरात कुणीतरी पोरगा त्यांचे प्रोटेक्शन तोडायचा आणि प्रती गावभर व्हायच्या. ते कायदेशीर नव्हते, पण त्यामुळे ते गेम आज शिल्लक आहेत. अपूर्णांक शिकवणारी, शब्दांचे स्पेलिंग घोटून घेणारी, नकाशा वाचायला लावणारी डिस्क तोडण्यात कुणाला फुशारकी नव्हती. ती शाळेच्या कपाटात राहिली. तिच्यावरचे प्रोटेक्शन कुणी तोडले नाही, म्हणून तिच्या चोरीच्या प्रतीही उरल्या नाहीत. जे आहे ते मूळ फ्लॉपीवरच आहे. आजही एखादी न नोंदलेली डिस्क हाती आली, तर ती बहुधा शैक्षणिकच निघते.

आता प्रोटेक्शन म्हणजे नक्की काय, ते तपशिलात सांगतो. तुमच्या नियमांत त्याला 'तांत्रिक उपाय' असा एकच शब्द आहे, पण फ्लॉपीवर त्याचे रूप फार वेगळे आहे.

साध्या ॲपल टू डिस्कवर ३५ ट्रॅक, म्हणजे एकात एक वर्तुळे, असतात, ० ते ३४. प्रत्येक ट्रॅकमध्ये १६ सेक्टर, म्हणजे तुकडे, प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट. एकूण १,४३,३६० बाइट, म्हणजे १४० केबी. प्रत्येक सेक्टरच्या पत्त्याआधी डी५ एए ९६ ही तीन बाइटची खूण असते, आणि माहितीआधी डी५ एए एडी. सरळ प्रत काढणारा प्रोग्राम या खुणा शोधतो, सेक्टर उचलतो, दुसऱ्या डिस्कवर मांडतो. प्रोटेक्शनचा अगदी पहिला प्रकार म्हणजे या खुणा बदलणे. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लोडरला, म्हणजे डिस्कवरून ते सुरू करणाऱ्या भागाला, नवी खूण माहीत असते, कॉपी प्रोग्रामला नसते. काही ठिकाणी ही खूण प्रत्येक ट्रॅकला वेगळी असते. काही डिस्क दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत, अर्ध्या ट्रॅकवर लिहिलेल्या असतात, कारण ॲपल टूच्या 'डिस्क टू' या ड्राइव्हची मोटर पाव ट्रॅकइतकी सरकू शकते.

इथवरचे कोडे धीर धरला तर सुटते. खरी अडचण पुढच्या प्रकारात आहे, आणि तो शैक्षणिक डिस्कांवर वारंवार भेटतो.

फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते. एक बिट म्हणजे ४ मायक्रोसेकंद, त्यामुळे एका फेऱ्यात साधारण ५०,००० बिट येतात. ड्राइव्हचे कंट्रोलर कार्ड बिट एकेक करून गोळा करते, आणि बाइटची सुरुवात १ ने होते असे धरून चालते. दोन बाइटच्या मध्ये एखादे जादा ० असेल तर कार्ड ते गिळून टाकते, प्रोग्रामला ते दिसतच नाही. प्रोटेक्शन करणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. त्यांनी डिस्कवर ई७, ई७, ई७ अशी एकाच बाइटची रांग लिहिली आणि काही ठराविक ई७ च्या मागे जादा शून्ये पेरली. प्रोग्राम सुरू होताना ही रांग वाचायला लागतो, मध्येच एका नेमक्या क्षणी कार्डाचे रजिस्टर, म्हणजे बिट गोळा करण्याची जागा, रिकामे करतो, आणि त्यामुळे पुढचे वाचन बाइटच्या मधूनच सुरू होते. आता तीच रांग ईई, ई७, एफसी, ईई, ई७, एफसी, ईई, ईई, एफसी अशी दिसते. हे आकडे जुळले तरच प्रोग्राम पुढे जातो. कॉपी प्रोग्रामने काढलेल्या प्रतीत सगळे ई७ जागच्या जागी असतात, पण शून्ये गळालेली असतात, म्हणून आकडे जुळत नाहीत. प्रत वरवर अचूक दिसते, आणि चालत नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे ट्रॅकच्या एखाद्या तुकड्यात चुंबकीय बदलच न लिहिणे. ड्राइव्हमधल्या वाचन-चिपला संकेत सापडत नाही, ती आवाज वाढवत जाते आणि शेवटी आपल्याच गोंगाटाला बिट समजून काहीही देते. दर वाचनाला वेगळे उत्तर येते. प्रोग्राम तोच ट्रॅक दोनदा वाचतो. उत्तर दोन्ही वेळा सारखे आले की त्याला कळते, ही प्रत आहे. मूळ डिस्क 'चुकते' आणि प्रत 'चुकत नाही' यावरून तो ओळखतो. कालांतराने डिस्कचा लेप झिजला, की खरोखरची चूक आणि मुद्दाम ठेवलेली चूक यांत फरक करणे आम्हालाही जड जाते. जतनाला उशीर झाला की नेमके हे हातचे जाते.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार वर्गवारीबद्दल. २०१८ च्या नियमात तुम्ही ग्रंथालयांना जुने सॉफ्टवेअर जतन करण्याची सवलत दिलीत, पण 'व्हिडिओ गेम वगळून'. गेमसाठी वेगळे कलम आहे आणि त्यात प्रत ग्रंथालयाच्या आवारातच राहिली पाहिजे. मग सांगा, १९८२ चे 'रॉकीज बूट्स' कुठल्या कलमात बसते? द लर्निंग कंपनीसाठी वॉरन रॉबिनेट आणि लेस्ली ग्रिम यांनी केलेले हे सॉफ्टवेअर. त्यात मुले अँड, ऑर, नॉट या डिजिटल सर्किटांतल्या गेटांना तारांनी जोडतात, फ्लिप-फ्लॉप लावतात, आणि हवे ते आकार बरोबर ओळखून लाथेने उडवणारे यंत्र बांधतात. गुणही मिळतात. हा गेम म्हणायचा की डिजिटल लॉजिकचा पाठ? स्थलांतरितांचा प्रवास खेळायला लावणाऱ्या १९८५ च्या 'ओरेगॉन ट्रेल'चे काय, जे मिनेसोटाच्या एमईसीसी या शैक्षणिक संगणन संस्थेने शाळांसाठी काढले? ही रेष कुठे ओढायची ते तुमच्या नियमात आम्हाला सापडत नाही. ग्रंथपालाला सापडली नाही की तो घाबरून जास्त कडक कलम धरतो. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थिनीला १९८० च्या दशकातले वर्ग कसे शिकत होते हे पाहायचे असेल, तर तिने तिकीट काढून त्या एका इमारतीत जावे.

आणि ही भिंत नेहमी नव्हती. २००३ मध्ये तुम्हीच जी सवलत दिलीत तिचे शब्द 'संगणक प्रोग्राम आणि व्हिडिओ गेम' असे होते. कालबाह्य झालेल्या स्वरूपात वितरित झालेल्या, आणि चालण्यासाठी मूळ डिस्क किंवा मूळ यंत्र मागणाऱ्या दोघांनाही एकाच ओळीत बसवले होते. ज्या यंत्राचे उत्पादन थांबले किंवा जे बाजारात वाजवी रीतीने मिळत नाही, ते कालबाह्य, अशी व्याख्याही तुम्हीच केली होती. २००६ मध्ये ती सवलत ग्रंथालये आणि अभिलेखागारांपुरती राहिली. २०१० च्या यादीत ती नाही. डिस्क त्याच आहेत, ड्राइव्ह तेव्हापेक्षा दुर्मीळ झाले आहेत.

दुसरी तक्रार 'तोडणे' या शब्दाबद्दल, आणि आमच्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. आज आम्ही जे करतो त्यात बहुतेक वेळा काही तोडत नाही. ॲपलसॉस नावाचे उपकरण डिस्क टू ड्राइव्हला जोडले जाते आणि चुंबकीय बदल कधी घडला याची १२५ नॅनोसेकंदांच्या बारकाईने नोंद घेते. त्यातून डब्ल्यूओझेड नावाची फाइल बनते. तिच्यात १६० पाव-ट्रॅकांचा नकाशा असतो. ट्रॅक एकमेकांशी जुळवून वाचले का, खोट्या बिटांची सफाई केली का, हेही तिच्यात नोंदता येते. साध्या ३५ ट्रॅकच्या डिस्कची अशी फाइल सुमारे २३० केबी भरते. १४० केबीच्या डिस्कला २३० केबी का, तर जादा शून्यांसकट सगळे त्यात असते. ती एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, लावली की प्रोग्राम स्वतःची तपासणी करतो, ईई, ई७, एफसी वाचतो, समाधानी होतो आणि चालू लागतो. कुलूप जागेवर आहे, किल्लीही जागेवर आहे. पुस्तकाचा फोटो काढताना त्यावरचा वॉटरमार्कही फोटोत आला, एवढेच. याला प्रोटेक्शन निष्प्रभ करणे म्हणायचे का? तुमच्याकडून याचे सरळ उत्तर कधी आलेले आम्हाला दिसले नाही. ग्रंथालयांचे वकील मग सावध सल्ला देतात, आणि डिस्क खोक्यात राहते.

कधीकधी मात्र तोडावे लागते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. डिस्कवरचा तपासणीचा ट्रॅक खराब झाला आणि बाकी सगळे शाबूत असेल, तर तपासणी काढून टाकल्याशिवाय प्रोग्राम चालणार नाही. तेव्हा आमची पद्धत अशी, की आधी कच्ची नोंद जशी मिळाली तशी ठेवायची, मग वेगळ्या फाइलमध्ये किमान बाइट बदलायचे, आणि कुठल्या ट्रॅकच्या कुठल्या सेक्टरमध्ये काय होते आणि काय केले ते लिहून ठेवायचे. त्या काळच्या चोरीच्या प्रतींत शीर्षकाचे पान कापलेले असे, जागा वाचवायला चित्रे काढलेली असत, किंवा पहिली तपासणी तोडून दुसरी तशीच राहिलेली असे आणि प्रोग्राम चौथ्या धड्यावर बंद पडे. तसली प्रत अभ्यासाला निरुपयोगी.

तिसरी तक्रार, एक कायदा देतो ते दुसरा काढून घेतो. तुमच्या कॉपीराइट कायद्याचे कलम ११७ प्रोग्रामच्या प्रतीच्या मालकाला जतनासाठी प्रत काढू देते. कलम १०८ ग्रंथालयाला खराब होत चाललेल्या किंवा कालबाह्य स्वरूपातल्या प्रकाशित कृतीच्या तीनपर्यंत प्रती करू देते. पण १९९८ च्या कायद्याचे कलम १२०१ म्हणते, कुलूप ओलांडायचे नाही. आणि जी सवलत आहे ती फक्त पात्र ग्रंथालय, अभिलेखागार, संग्रहालय यांना. ज्या निवृत्त शिक्षिकेच्या माळ्यावर ४० डिस्क आहेत, तिला कलम ११७ चा हक्क आहे आणि तो बजावण्याची वाट नाही. अशा डिस्क बहुतांशी माळ्यांवरच आहेत.

भारताच्या कायद्याशी तुलना करतो, आमचे सगळे बरोबर आहे असे दाखवायला नव्हे. २०१२ मध्ये आलेले आमचे कलम ६५-अ हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच शिक्षा सांगते, हेतू नसेल तर नाही. हे तुमच्याकडे यावे. मात्र आमच्याच कलम ५२(१)(एन) मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला इलेक्ट्रॉनिक जतन करण्याची मुभा आहे ती कृतीची डिजिटल नसलेली प्रत हाताशी असेल तरच. फ्लॉपी तर मुळातच डिजिटल. म्हणजे पुस्तकाला संरक्षण, पुस्तकासोबत आलेल्या डिस्कला नाही. ही तक्रार दिल्लीकडे आहे, आणि दिल्लीने हे पत्र वाचले तर आनंदच आहे.

चौथी, मालकांबद्दल. परवानगी मागा, असे सांगितले जाते. कुणाकडे? एकट्या द लर्निंग कंपनीचा प्रवास पाहा. १९९५ मध्ये सॉफ्टकीने ती घेतली आणि तिचेच नाव लावले, १९९६ मध्ये एमईसीसीही त्यात आली, १९९९ मध्ये सगळे मॅटेलकडे, २००० मध्ये गोअर्सकडे, २००१ मध्ये रिव्हरडीपकडे, आणि २००६ मध्ये ह्यूटन मिफ्लिनच्या गाठोड्यात. एवढ्या हातांतून गेलेल्या मालात १९८२ च्या एका डिस्कचे कागद कोण शोधणार? कंपनीच्या नावावरच्या कृतीचे संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षे. 'रॉकीज बूट्स' १ जानेवारी २०७८ ला मुक्त होईल. तेव्हा त्या फ्लॉपीचे वय ९६ असेल.

इथे फ्लॉपीच्या तब्येतीबद्दल सांगणे भाग आहे. पातळ प्लास्टिकच्या चकतीवर लोहाच्या ऑक्साइडची पूड चिकटवलेली असते. दमट हवेत चिकटवणारा पदार्थ मऊ पडतो, बुरशी धरते. वेष्टनाच्या लांबट खिडकीतून पाहिले तर पांढुरके ठिपके दिसतात. अशी डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणाऱ्या हेडवर पूड जमते, त्या पुडीने पुढच्या ट्रॅकवर गोल ओरखडा उमटतो, आणि ड्राइव्ह किंचाळल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आला की त्याच क्षणी थांबायचे. एका फेऱ्याला फक्त ०.२ सेकंद लागतात, दहा सेकंद दुर्लक्ष केले तर पन्नास ओरखडे. वेष्टन वरच्या कडेला कापून चकती बाहेर काढायची, आधी अगदी कडेला थोडे पुसून लेप सुटत नाही ना ते पाहायचे, मगच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरायचे, आणि स्वच्छ वेष्टनात घालून वाचायची. हेड प्रत्येक डिस्कनंतर पुसायचे. एवढे करूनही काही डिस्कांना एकच वाचन मिळते.

शैक्षणिक डिस्कांना आणखी एक धोका असतो. यांतल्या पुष्कळ डिस्क स्वतःवर लिहितात : मुलांची नावे, गुण, कोण कुठल्या धड्यावर थांबले. म्हणून ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कडेच्या खाचेवर पट्टी चिकटवायची. डिस्क टू मध्ये ती खाच यांत्रिक बटणाने ओळखली जाते, कुठलीही पट्टी चालते. प्रकाशाने ओळखणाऱ्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये पारदर्शक चिकटपट्टी लावली तर ती न लावल्यासारखीच. त्या नावांचे काय करायचे हाही प्रश्न आहे. आम्ही कच्ची नोंद बंद ठेवतो आणि नावे पुसलेली प्रतच बाहेर देतो. ग्रंथालयांनाही हे झेपेल, नियमाने सांगितले तर.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या फेरीचा निर्णय २०२७ मध्ये अपेक्षित आहे. त्यात शाळा-महाविद्यालयांत वापरण्यासाठी विकलेल्या सॉफ्टवेअरला, त्यात खेळाचे रूप असले तरी, 'गेम नसलेले प्रोग्राम' या कलमात घालावे, आणि ते घातले आहे असे नियमातच लिहावे. तेवढे होणार नसेल तर २००३ ची व्याख्या परत आणावी.

चुंबकीय बदलांची जशीच्या तशी नोंद घेणे, ज्यात प्रोटेक्शन शाबूत राहते, हे कलम १२०१ खाली प्रोटेक्शन निष्प्रभ करणे ठरत नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. यासाठी नवी सवलतही लागणार नाही, एक स्पष्टीकरण पुरे.

वैध मालकी असलेल्या व्यक्तीला, कलम ११७ पुरतेच, हीच मोकळीक द्यावी. प्रत इतरांना वाटण्याची आम्ही मागणी करत नाही. तिने ती पात्र ग्रंथालयाकडे सोपवावी, अशी अट घातली तरी चालेल.

हक्कधारक कंपन्यांनाही विनंती आहे, कारण कार्यालयाच्या निर्णयाची वाट पाहण्याची त्यांना गरज नाही. १९९० पूर्वीच्या ज्या शैक्षणिक शीर्षकांची तुम्ही विक्री करत नाही, त्यांची यादी प्रसिद्ध करा आणि विनाव्यापारी जतनाला हरकत नाही असे एक पान लिहून द्या. मास्टर डिस्क किंवा सोर्स कोड गोदामात असेल तर तो एखाद्या संग्रहालयाला द्या. तुमच्या व्यवसायाचे यात एका डॉलरचेही नुकसान नाही.

आणि ग्रंथपालांना : नियम बदलेपर्यंत निदान डिस्क टाकून देऊ नका. उभ्या ठेवा, कोरड्या ठेवा, चुंबक आणि स्पीकरपासून लांब ठेवा, रबरबँड लावू नका. चालते का पाहू, म्हणून जुन्या ड्राइव्हमध्ये घालू नका.

आपल्या कार्यालयाने सुनावणीसाठी तांत्रिक प्रात्यक्षिक मागवले तर आम्ही ड्राइव्ह, उपकरण आणि आमच्या मालकीच्या डिस्क घेऊन यायला तयार आहोत. मूळ डिस्क, साधी प्रत आणि जशीच्या तशी नोंद, तिन्ही शेजारी ठेवून चालवून दाखवू. वीस मिनिटे पुरतील.

कळावे,
जुन्या फ्लॉपींच्या जतनाचे काम करणारे काही मराठी भाषक